यात्रेचा फोटो आणि परक्या देशाचा कायदा



आमच्या आजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आजोबांचा एक आहे, तोही कामावरच्या ओळखपत्रावरून स्टुडिओत मोठा करून घेतलेला. त्यात त्यांचा चेहरा पुसट दिसतो. ज्या पिढीला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, तिला फोटो कुठून परवडणार? म्हणूनच आज आपल्या घरची मुले लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला निघतात तेव्हा घरची वडीलधारी माणसे बजावून सांगतात, "भरपूर फोटो काढून आणा रे!" या हौसेत आम्हाला काहीच वावगे वाटत नाही. उलट, आपल्या माणसांचे हसरे चेहरे पुढच्या पिढीसाठी राहावेत, असेच आम्हाला वाटते.

परंतु फोटो काढणारा हात आपला असला, तरी ज्या जमिनीवर आपण उभे असतो तिथला कायदा आपला नसतो. ही गोष्ट आपल्या कष्टकरी कुटुंबांना कोणी नीट सांगत नाही. सहल नेणारा सांगत नाही, मोबाईल विकणारा सांगत नाही आणि ड्रोन विकणारा तर मुळीच सांगत नाही. म्हणून हा लेख.

विहारातली बैठक

आम्ही मुळशी तालुक्यात कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम करतो. एका वर्षी आमच्या भागातील उपासक-उपासिकांनी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी अशी यात्रा ठरवली. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, आणि सीमा ओलांडली की नेपाळ. बहुतेकांच्या आयुष्यातला हा पहिला परदेश. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. त्यामुळे "परदेश म्हणजे काय, शेजारचे गावच!" अशीच सगळ्यांची समजूत.

तयारीची बैठक विहारात बसली होती. पाण्याच्या बाटल्या, औषधे, पांघरुणे यांची यादी चालली होती. तेवढ्यात हिंजवडीच्या एका कंपनीत काम करणारा आमच्याच आळीतला मुलगा पिशवीतून एक छोटा ड्रोन काढून म्हणाला, "काका, लुंबिनीचं वरून शूटिंग करतो. अशोकस्तंभ, मायादेवीचं मंदिर, आपली सगळी माणसं, सगळं एका फ्रेममध्ये!"

बायाबापड्या खूश झाल्या. आम्हीही खूश झालो, खोटे कशाला सांगा? पण कारकुनाची सवय जात नाही. कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही. आम्ही म्हटले, "अरे बाळा, याला परवानगी लागते का ते आधी बघ."

"एवढ्याशा खेळण्याला कसली परवानगी, काका?"

त्या खेळण्याची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. ते जप्त झाले तर त्याचे किती नुकसान होईल हा विचार मनात आला आणि त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करू लागलो. जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी आपल्याच गावचे पाहू

परक्या देशातले लोक ड्रोनला का घाबरतात, हे समजायला फार लांब जायला नको. २०२४ च्या जून-जुलैमध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड या भागांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून गावेच्या गावे जागत होती. चोर टेहळणी करतात, अशी भीती पसरली होती. कोण उडवतो, कशासाठी उडवतो हे कळत नाही आणि वर एक डोळा फिरतो आहे, ही भावना किती वाईट असते ते आपल्या लोकांनी तेव्हा अनुभवले. मग आपला ड्रोन लुंबिनीजवळच्या एखाद्या नेपाळी शेतकऱ्याच्या अंगणावरून गेला, तर त्याला काय वाटेल?

आपल्या देशात यासाठी ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. वजनावरून ड्रोनचे वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे हवाई विभाग आखलेले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी न घेता उडवता येते. पिवळ्यात परवानगी लागते. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पोलीस वेळोवेळी स्थानिक मनाई आदेश काढतात, ते वेगळेच. आमच्या तालुक्याला लागून खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि पुण्याचे लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. 'छायाचित्रणास मनाई' हे फलक आपण लहानपणापासून पाहतो. पण ते वाचायची सवय नाही.

लोहगावचा उल्लेख मुद्दाम केला. विमानाने परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलाचा प्रवास बहुधा तिथूनच सुरू होतो. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर विमान उतरताना वा उड्डाण करताना छायाचित्रण करू नये, अशी सूचना काढली. पहिल्या विमानप्रवासात खिडकीतून व्हिडिओ काढण्याचा मोह कोणाला होत नाही? पण खाली धावपट्टी हवाई दलाची असेल तर मोबाईल खिशात ठेवावा. म्हणजे परदेशचा कायदा लागू होण्याआधीच घरचा कायदा लागू होतो.

बुद्धगयेपासून लुंबिनीपर्यंत

बुद्धगयेला ७ जुलै २०१३ रोजी महाबोधी महाविहाराच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले. तेव्हापासून तिथे सुरक्षा कडक आहे. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. कॅमेरा न्यायचा असेल तर वेगळे तिकीट काढावे लागते. आपली माणसे प्रवेशद्वारी हुज्जत घालतात, "आम्ही एवढ्या लांबून आलो!" पण पहारेकऱ्याला त्याची ड्यूटी करायची असते. जमा केलेल्या वस्तूची पावती जपून ठेवावी, एवढेच आपले काम.

लुंबिनीत मायादेवी मंदिराच्या आत फोटो काढण्यास बंदी आहे. आत उत्खननातील जुने विटांचे बांधकाम आणि जन्मस्थान दाखवणारी शिळा आहे; ती काचेखाली जपलेली आहे. बाहेर मात्र अशोकस्तंभ, पुष्करिणी, बोधिवृक्ष, देशोदेशींचे विहार यांचे फोटो खुशाल काढावेत. लुंबिनी हे १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हेही लक्षात ठेवावे. अशा ठिकाणी नियम साध्या गावापेक्षा कडक असतात.

ड्रोनचे काय? नेपाळमध्ये ड्रोनसाठी तिथल्या नागरी उड्डयन प्राधिकरणाकडे जावे लागते, आणि गृहखात्याचे नियम वेगळे आहेत. अगदी हलक्या ड्रोनला काही सवलती आहेत. पण राष्ट्रीय उद्याने आणि वारसास्थळे यांना त्या लागू आहेत असे धरून चालू नये. त्या त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची संमती लागते. लुंबिनीत ही व्यवस्था लुंबिनी विकास कोष पाहतो. शिवाय जवळच भैरहवाला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाले आहे. विमानतळाजवळ ड्रोन हा जगात कुठेही गंभीरच गुन्हा धरतात.

नेपाळने ही कडक भूमिका का घेतली, तेही समजून घ्यावे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरचे पत्रकार आणि मदत संस्था ड्रोन घेऊन काठमांडूत उतरल्या. पडलेल्या घरांवरून, दुःखात बसलेल्या माणसांवरून कॅमेरे फिरू लागले. तेव्हा सरकारने विनापरवाना ड्रोनवर निर्बंध घातले. आपल्या वस्तीत पाणी शिरले की कॅमेरे घेऊन येणारे पाहुणे आपणही पाहिले आहेत. त्यामुळे नेपाळी माणसाचा राग आपल्याला कळायला हवा.

सीमेवर आणखी एक चूक हमखास होते. "नेपाळमध्ये आलो" हे दाखवायला लोक कमानीखाली, चौकीपुढे, बंदूकधारी जवानाशेजारी उभे राहून फोटो काढतात. चौकी आणि सुरक्षा कर्मचारी फोटोत येऊ देऊ नयेत. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारावे. नाही म्हटले तर 'ठीक आहे दादा' म्हणून पुढे चालू लागावे.

श्रीलंका : मूर्तीकडे पाठ नको

श्रीलंकेला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची संख्या वाढते आहे. अनुराधापूर, कँडी, पोलोन्नरुवा ही नावे आपल्याला ओळखीची. तिथे एक रिवाज पाळला जातो : बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आता सेल्फी म्हणजे पाठ करणे आलेच! आपल्या मनात अनादर नसतो. पण तिथल्या लोकांना तो अनादर दिसतो. मूर्तीसमोर हात जोडून, बाजूला उभे राहून, मूर्तीकडे तोंड करून काढलेला फोटो चालतो.

हा केवळ रिवाज नाही, तर प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन फ्रेंच पर्यटकांनी एका मंदिरात बुद्धमूर्तीचे चुंबन घेतल्याच्या अभिनयाचे फोटो काढले. ते फोटो छापायला गॉल शहरातील दुकानात दिले आणि दुकानदाराने पोलिसांना कळवले. न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. ती पाच वर्षांसाठी स्थगित ठेवली, म्हणून ते तुरुंगात गेले नाहीत. फोटो काढताना त्यांना कोणी अडवले नव्हते. मंदिरातून बाहेर पडल्यावरही गुन्हा पाठ सोडत नाही, हा त्यातला धडा. तेव्हा फोटो दुकानात गेला होता. आज तो आपण स्वतःच व्हॉट्सअॅपवर टाकतो.

सिगिरियाच्या भित्तिचित्रांचे फोटो काढण्यास मनाई आहे. आपण अजिंठा पाहिला असेल तर कारण लगेच पटेल. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश का चालत नाही? त्या प्रखर उजेडाने शेकडो वर्षांच्या रंगांना इजा होऊ नये म्हणून. जो नियम आपल्या अजिंठ्याला, तसाच त्यांच्या सिगिरियाला.

ड्रोनच्या बाबतीत श्रीलंकेत नोंदणी आणि परवानगी तिथल्या नागरी उड्डयन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते, आणि बाहेरून ड्रोन आणण्यासाठी संरक्षण खात्याचीही संमती लागते. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर तर सगळी ड्रोन उड्डाणे काही काळ बंदच केली होती.

थायलंड, भूतान आणि आखात

थायलंडला आता स्वस्त सहली निघतात. तिथे कॅमेरा असलेला ड्रोन कितीही हलका असला तरी त्याची नोंदणी लागते. ड्रोनमध्ये रेडिओ संदेश पाठवणारे यंत्र असते, म्हणून एक नोंदणी नागरी उड्डयन प्राधिकरणाकडे आणि दुसरी दूरसंचार आयोगाकडे करावी लागते. शिवाय १० लाख बाथचा तृतीय पक्ष विमा काढावा लागतो. चार दिवसांच्या सहलीसाठी एवढी कागदपत्रे कोण करणार? आणि इतके करूनही जुलै २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवर लढाई पेटली तेव्हा ३० जुलैपासून साऱ्या देशात ड्रोनवर बंदी घातली गेली. परवाना खिशात असलेल्यांचेही ड्रोन जमिनीवरच राहिले.

भूतानमध्ये विहारांच्या आत फोटो काढू देत नाहीत. बाहेरून हवे तेवढे काढा.

आता आखाताकडे वळू. इथे आपल्या समाजातील तरुण सहलीला नव्हे, तर पोट भरायला जातात. वाहनचालक, वेल्डर, वातानुकूलन यंत्रांचे मिस्त्री, रुग्णालयातील कर्मचारी. त्यांच्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा सायबर गुन्ह्यांविरुद्धचा कायदा आहे. दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या खासगी आयुष्यात शिरून फोटो काढणे, तो ठेवणे वा पाठवणे हा त्यात गुन्हा आहे. अपघातातील जखमी वा मृत व्यक्तीचा फोटो पसरवणे हाही गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. दीड लाख दिरहम म्हणजे आजच्या भावाने तीस लाख रुपयांहून अधिक. गावाकडचे घर विकले तरी हा आकडा भरून निघेल का?

आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की दहा जण मोबाईल काढतात. ही सवय इथेही वाईटच. पण दुबईत ती थेट तुरुंगात नेऊ शकते. समुद्रकिनारा, बाजार, मेट्रो, मजुरांची खोली, कुठेही अनोळखी माणूस, विशेषतः स्त्रिया आणि मुले, फोटोत येत नाहीत ना हे पाहावे. राजवाडे, लष्करी जागा, पोलीस, सरकारी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये. ड्रोनचे सांगायचे तर १७ जानेवारी २०२२ रोजी अबूधाबीवर हल्ला झाल्यावर त्याच महिन्यात हौशी ड्रोनवर बंदी आली. ती पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली. पण नोंदणी आणि परवानगीशिवाय उडवता येत नाही.

बाकी देशांचे थोडक्यात सांगतो. मोरोक्कोत पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच काढून घेतात. इजिप्तमध्ये संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन बाळगणेही महागात पडते. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरील ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. युरोपीय संघात कॅमेरा असलेल्या हलक्या ड्रोनच्या मालकालाही नोंदणी करावी लागते आणि १२० मीटरच्या वर जाता येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे. म्हणजे 'माझा २५० ग्रॅमच्या आतला आहे, मला काही लागत नाही' हे वाक्य एका देशात खरे, तर दुसऱ्या देशात खोटे.

छंद की हेरगिरी?

साध्या कॅमेऱ्यानेही माणूस अडकतो, याचे एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे १२ ब्रिटिश आणि २ डच नागरिकांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांचा गुन्हा काय? हवाई दलाच्या तळावर विमाने पाहणे आणि त्यांचे नंबर वहीत लिहून घेणे, हा त्यांचा छंद. इंग्लंडात हा छंद सर्रास चालतो. ग्रीसच्या पोलिसांना ती टेहळणी वाटली. महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात गेला. एप्रिल २००२ मध्ये शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सारे निर्दोष सुटले.

निर्दोष सुटले खरे. पण वर्ष गेले. त्यांच्यामागे त्यांचे सरकार, वर्तमानपत्रे आणि वकिलांना द्यायला पैसा होता. आपल्यातला एखादा हेल्पर मुलगा परक्या देशात असा अडकला, तर त्याचा जामीन कोण देणार? घरी म्हातारी आई, लहान भावंडे आणि डोक्यावर एजंटचे कर्ज. अशा घरात कर्ता मुलगा महिनाभर आत राहिला तरी त्या घराचे सारे गणित बिघडते.

सामानाचा हिशेब

आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे हिशेबाचे दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायच्या नसतात. त्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात. मर्यादा साधारणपणे १०० वॅट-तासांची असते. वॅट-तास कसे काढायचे? बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि एमएएच यांचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. समजा, पॉवर बँकेवर ३.७ व्होल्ट आणि २०,००० एमएएच लिहिले आहे. गुणाकार ७४,०००, हजाराने भागले की ७४ वॅट-तास. चालेल. तीच ३०,००० एमएएचची असेल तर १११ होतात. मग विमान कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. ड्रोनची बॅटरी सहसा याहून लहान असते. तरी तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि ड्रोन कोणत्या बॅगेत ठेवायचा हे विमान कंपनीला आधी विचारावे.

दुसरी गोष्ट. महागडा कॅमेरा आपण इथून नेला, तर परत येताना 'हा तिकडे घेतला' असा संशय येऊ शकतो. म्हणून निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यात वस्तूचा अनुक्रमांक येतो. खरेदीची पावतीही जवळ ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारत सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. तेव्हा "दुबईत स्वस्त मिळतो, येताना भाच्यासाठी एक ड्रोन आण" असा निरोप कोणी देऊ नये आणि कोणी ऐकू नये. शुल्क भरून सुटका होईल असेही समजू नये. वस्तू जप्त होऊ शकते.

अडवले तर काय करावे?

घाबरू नये आणि आवाज चढवू नये. मोबाईल लपवू नये किंवा घाईने फोटो पुसू नयेत. त्याने संशय वाढतो. फोटो दाखवावा, चूक झाली असेल तर माफी मागावी आणि सांगितल्यावर त्यांच्यासमोरच फोटो पुसून टाकावा. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात.

प्रकरण पुढे गेले आणि ठाण्यात नेले, तर न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. आणि स्पष्ट सांगावे की मला भारतीय वकिलातीशी बोलायचे आहे. हा उपकार नाही, हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला हा हक्क सांगितलाच पाहिजे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केला, असा निकाल दिला. एवढ्या मोठ्या प्रकरणात जे कलम कामाला आले, ते आपल्या साध्या मजुरालाही तितकेच लागू आहे.

नेपाळमध्ये काठमांडूला आपली वकिलात आणि बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. श्रीलंकेत कोलंबोला उच्चायुक्तालय, कँडीला त्याचे कार्यालय. अमिरातीत अबूधाबी आणि दुबईत कार्यालये आहेत. निघण्यापूर्वी यांचे फोन नंबर कागदावर लिहून एक प्रत खिशात आणि एक घरी आईजवळ द्यावी. मोबाईल जप्त झाला तर मोबाईलमधला नंबर काय कामाचा? परराष्ट्र खात्याची 'मदद' नावाची ऑनलाइन तक्रार व्यवस्था २०१५ पासून आहे. घरच्यांना इथूनही तिथे तक्रार नोंदवता येते.

नियम बदलत राहतात, हे वरच्या उदाहरणांतून दिसलेच. म्हणून या लेखाचे कात्रण खिशात ठेवून कोणी निर्धास्त राहू नये. ज्या देशात जायचे तिथल्या नागरी उड्डयन प्राधिकरणाची सूचना निघण्याच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी पाहावी. घरात शिकलेली मुलगी वा मुलगा असेल तर हे काम त्यांना द्यावे. ते आनंदाने करतील.

आमच्या यात्रेचे काय झाले?

त्या मुलाने सगळे नियम वाचले आणि ड्रोन घरीच ठेवला. थोडा हिरमुसला. आम्ही त्याला म्हटले, "बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये बौद्ध परिषदेसाठी नेपाळला गेले होते. त्यांच्या वाटेने आपण चाललो आहोत. तिथल्या माणसाने 'भारतातून आलेले हे लोक नियम पाळतात' एवढे म्हटले तरी आपली यात्रा सार्थकी लागली."

लुंबिनीत मात्र चूक झालीच, आणि ती ड्रोनवाल्या पोराच्या हातून नाही. मायादेवी मंदिरात जन्मस्थानाच्या शिळेपाशी आमच्यातल्या एका आत्यांनी भारावून मोबाईल वर धरला. पहारेकरी हात हलवत आला. आत्या ओशाळल्या, आम्हीही ओशाळलो. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आमच्या आईला दाखवायचं होतं रे. तिला चालता येत नाही."

यावर काय बोलणार? मग त्या मुलानेच तोडगा काढला. अशोकस्तंभासमोर सगळ्यांना ओळीत उभे केले, समोरच्या एका भिक्खूंची परवानगी घेतली आणि साध्या मोबाईलवर फोटो काढला. पंचवीस माणसे, पांढरे कपडे, मागे स्तंभ. आत्यांनी तो फोटो छापून घेतला आणि आईच्या खाटेसमोर लावला. म्हातारी रोज एकेक चेहरा बोटाने दाखवून विचारते, "ही कोण? हा कोण?"

त्या फोटोत आमच्याशिवाय कोणाचाही चेहरा विचारल्याशिवाय आलेला नाही. आपल्या वस्त्यांचे फोटो लोकांनी आपल्याला न विचारता वर्षानुवर्षे काढले, छापले, पारितोषिके घेतली. न विचारता काढलेल्या फोटोत आपली अब्रू कशी जाते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून परक्या देशात गेल्यावर त्या माणसालाही एक शब्द विचारावा. कायद्याची निम्मी कलमे एवढ्याने आपोआप पाळली जातात.

यात्रेला निघणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना मंगल कामना. जयभीम.